खो

डिसेंबर. सकाळचे सहा.
फुटाळ्याकडून येणारा गारठा कानात शिरतो.
विद्यापीठाच्या मैदानावर फक्कीने आखलेले आठ चौकोन,
त्यांत आम्ही आठ जणी उकिडव्या,
एकीचं तोंड धरमपेठेकडे, दुसरीचं अमरावती रोडकडे.
नववी धावणारी.

चौकोन ओळखीचे आहेत.
किराण्याच्या दुकानापुढे असेच होते,
लसीच्या रांगेत पिवळ्या पेंटचे,
आणि मोबाइलवर चौतीस,
सगळ्यांचे कॅमेरे बंद.
रोशनी उईके तेव्हा एक जांभळा गोल होती,
गोलात एक अक्षर.
ती इतकी उंच आहे हे मला
परवा मेसच्या रांगेत कळलं.

धाबेकर सर मास्क हनुवटीवर ओढून शिट्टी फुंकतात,
पुन्हा वर ओढतात,
म्हणतात, शिवल्याशिवाय खो दिला तर फाउल.
नुसता आवाज चालत नाही पोरींनो.

नुसता आवाज.
पवनीहून आई रोज रात्री फोन करायची,
बोलणं कमी, मी तिचा श्वास मोजायची.
मी स्टॅटिस्टिक्सची.
मोजण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं मला.
बोटाला चिमटा, चिमट्यात आकडा,
चौऱ्याण्णव, त्र्याण्णव, बोट बदल, पंच्याण्णव.
बरी झाली ती.
माझं बोट मात्र अजून
कधीकधी आपोआप चिमटीत जातं.

घरात म्हणायचे, सगळ्यालाच खो बसला बघ:
वर्षाच्या परीक्षेला, मावशीच्या लग्नाला,
काकांच्या तेराव्यालाही.
खो म्हणजे मोडता, एवढंच ऐकत होते.
उठण्याची खूणही तीच,
हे विसरले होते.

मागून पावलं येतात.
मुरूम करकरतो.
माझी पाठ पावलं ओळखायला बसलीय,
एखादं कुत्रं दाराशी बसतं तशी.

खो!

खांद्याच्या मधोमध पूर्ण पंजा,
गरम, ओला, पाच बोटांचा.
आणि मी उठलेच नाही.

शिट्टी.
रोशनी कमरेवर हात ठेवून, धापा टाकत,
तोंडातून वाफ:
काऊन वं, उठली काऊन नाही?
जोरात लागलं का?

नाही.
मग काय सांगायचं?
की वीस महिन्यांत मला शिवलेला
हा दुसरा माणूस,
पहिली लस देणारी सिस्टर होती?
म्हटलं, पाय झोपला.
हाव, म्हणाली ती, मायाही झोपते,
आणि मला हाताला धरून उठवलं,
तिसरा माणूस, मी मोजलं.

पुढच्या डावात निकहत खोकली.
एकदाच.
नऊच्या नऊ जणी जागीच थिजलो,
खांबाला वळसा घालणारीही.
निकहत दोन्ही हात वर करून ओरडली,
धूळ आहे! अल्लाशपथ, धूळ आहे!
हसू आलं सगळ्यांना,
जरा उशिरा, आणि जरा जास्तच.
सरांनी मात्र मास्क नाकापर्यंत नेला.

त्यानंतर मोजलं नाही.
म्हणजे अकरापर्यंत मोजलं,
मग माझी पाळी आली धावायची,
समोर एका रांगेत पाठी,
कुणाच्या टी-शर्टवर विभागाचं नाव अर्धं उडालेलं,
कुणाची वेणी सुटलेली,
आणि माझा हात पुढे होईना.
धावले शेवटच्या चौकोनापर्यंत.
तिथे अनघा मेश्राम बसली होती,
गेल्या एप्रिलात तिच्या घरचे दोघं गेले, ऐकून होते,
तिच्याशी कधी बोलले नव्हते,
काय बोलायचं ते सापडत नव्हतं.
तिने मान वळवली नाही.
वाट बघत होती फक्त.

खो, म्हटलं मी.
तळहात टेकवून.
ती सुटली.
मी तिच्या जागेवर बसले,
माती अजून ऊब धरून होती.

संध्याकाळी बादलीत टी-शर्ट भिजवला,
पाणी लालसर झालं.
खोलीत निकहत पाठांतर करत होती, मोठ्याने,
खिडकी आम्ही अजून उघडीच ठेवतो, थंडी असली तरी.

पलंगावर मी नेहमी पाठ भिंतीला लावून झोपते,
दार दिसेल अशी.
आज कूस बदलली.
तोंड भिंतीकडे.